हलवून खुंटा बळकट

गोठ्यात गाय बांधणारा माणूस खुंटा ठोकून झाला की लगेच दावे अडकवीत नाही. दोन्ही हातांनी धरून तो खुंटा गदगदा हलवून पाहतो. हलला, तर आणखी चार घाव घालतो; नाही हलला, तरच जनावर त्याच्या भरवशावर सोडतो. ह्यावरूनच 'हलवून खुंटा बळकट करणे' ही म्हण आपल्या भाषेत आली. पुढे तिला लाक्षणिक अर्थ चिकटला. मुद्दाम शंका काढून समोरच्याकडून एखादी गोष्ट पक्की करून घेणे, असा तो अर्थ. परंतु तिचा मूळचा, गोठ्यातला अर्थ आज जगातल्या कितीतरी प्रयोगशाळांत अक्षरशः पाळला जात आहे. तिथला खुंटा फक्त दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो, तो हाडात बसवलेला असतो, आणि त्याला जखडलेले दावे असते माणसाच्या गुडघ्यातले.

गुडघा ही मोठी नाजूक जागा आहे. मराठी माणसाने त्याला बाशिंग बांधले, संकटात तो टेकला, थंडीत त्यात डोके घालून बसला; पण त्याच्या आत काय आहे, ह्याची चौकशी सहसा केली नाही. वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे. ही दोन्ही हाडे एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. खांद्याच्या किंवा खुब्याच्या सांध्यात निदान एक खळगा आणि एक गोळा असतो. इथे तोही आधार नाही. मग ती जागेवर राहतात कशी? चार मुख्य बंधांमुळे. दोन बंध बाजूंना, आणि दोन सांध्याच्या ऐन मध्यात, एकमेकांना फुलीसारखे छेदून गेलेले. ह्या फुलीतला पुढचा बंध साधारण करंगळीएवढा जाड आणि तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असतो. नडगीचे हाड पुढे घसरू नये आणि गुडघ्यात पीळ पडू नये, ही कामगिरी त्याच्याकडे. धावता धावता खेळाडू एकदम थांबतो, पाय जमिनीत रुतलेला असतो आणि अंग वळते. त्या क्षणी 'टक्' असा आवाज होतो आणि हा बंध तुटतो. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, बास्केटबॉल ह्या खेळांतले हे नेहमीचे दुखणे आहे.

आणि ते मुलींच्या वाट्याला अधिक येते. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या नोंदींवरून १९९५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या दुपटीहून जास्त, तर बास्केटबॉलमध्ये जवळजवळ चौपट आढळली. आमच्या कर्वेनगरात हा आकडा दुर्लक्षून चालण्यासारखे नाही. ह्या भागाचे मूळ नाव हिंगणे. १९०० साली इथल्या माळावर एका झोपडीत महर्षी कर्व्यांचा आश्रम सुरू झाला, आणि आज त्यांच्याच संस्थेच्या परिसरात शाळकरी मुलींपासून इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनींपर्यंत सर्व वयांच्या मुली शिकतात. जिथे मुली शिकतात तिथे मैदान असते, आणि जिथे मैदान असते तिथे कधी ना कधी कुणाचा तरी गुडघा दगा देतो.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलीचा असाच दिला. कॉलेजच्या कबड्डी संघात ती चढाईला जाणारी. पकडीतून सुटताना पाय मुरगळला आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. तुटलेला बंध शिवून भागत नाही. त्याच्या जागी तिच्याच मांडीच्या मागच्या कंडरा घेऊन नवा बंध बसवायचा, असे ठरले. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. रुग्णालयाने खर्चाचा जो कागद दिला, त्यात हा नवा बंध हाडात अडकवण्याच्या साधनांपुढे दोन रकमा होत्या : परदेशी बनावटीची एक, देशी बनावटीची दुसरी. दोहोंत अंतर बरेच होते. मुलीचे वडील तो कागद घेऊन माझ्याकडे आले. मी मराठी शिकवतो, मळसूत्रे नव्हे. पण शेजारधर्मात विषयाची अट नसते. मुलीच्या आईचा प्रश्न मात्र पैशांचा नव्हता. "सर, एवढ्याशा स्क्रूवर पोरीने आयुष्यभर उड्या मारायच्या? तो निसटला तर?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पुढे जे वाचले, विचारले, ते वाचकांपुढे ठेवतो.

शस्त्रक्रियेचा इतिहास बराच जुना आहे. इंग्लंडमध्ये लीड्स येथे मेयो रॉबसन नावाच्या शल्यविशारदाने १८९५ साली एका खाणकामगाराचे तुटलेले फुलीबंध शिवले होते. ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज ह्यांनी १९१७ साली शिवण्याच्या पुढचे पाऊल टाकले. मांडीच्या बाहेरच्या अंगाची चिवट पट्टी हाडांतल्या बोगद्यांतून ओवून त्यांनी नवाच बंध तयार केला. आजची शस्त्रक्रिया दुर्बिणीने, दोन-तीन बारीक छिद्रांतून होते. पण कल्पना तीच : वरच्या हाडात एक बोगदा, खालच्या हाडात एक बोगदा, आणि दोहोंतून ओवलेली दोरी. दोरीची दोन्ही टोके घट्ट बांधली पाहिजेत. सगळी मेख आहे ती ह्या 'बांधण्यात'.

कारण दोरी स्वतः फार बळकट असते. किती, ते मोजलेले आहे. बल मोजण्याचे माप न्यूटन. पण आपल्या घरगुती हिशेबाला दहा न्यूटन म्हणजे एक किलो वजनाचा ओढा, एवढे धरून चालायला हरकत नाही. अमेरिकेत सॅव्हिओ वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, २२ ते ३५ वयाच्या माणसांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या गुडघ्यांतला मूळ बंध तुटायला सरासरी २१६० न्यूटन, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपास ओढा लागला. साठीच्या पुढच्या माणसांत तोच बंध ६५८ न्यूटनला तुटला. वय काय करते, ते ह्या दोन आकड्यांत दिसते. आता बदली दोरीचे पाहा. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची दहा मिलिमीटर रुंद पट्टी १९९३ च्या एका प्रयोगात २९७७ न्यूटनपर्यंत टिकली. मांडीच्या मागच्या दोन कंडरा दुमडून केलेली चार पदरी दोरी १९९९ च्या प्रयोगात ४०९० न्यूटनपर्यंत गेली, म्हणजे मूळ बंधाच्या जवळजवळ दुप्पट. अट एकच : चारही पदरांवर ताण सारखा हवा. एक पदर सैल राहिला, तर तो नुसता पाहुणा म्हणून बसतो आणि भार बाकीच्यांवर पडतो. नुसत्या हाताच्या अंदाजाने ताण दिला, तेव्हा ह्या जादा बळाचा बराचसा भाग वायाच गेला, असेही त्याच प्रयोगात दिसले.

म्हणजे दावे मूळच्यापेक्षा मजबूत. मग गाय सुटते कशी? खुंटा उपटून! ही गोष्ट १९८७ साली कुरोसाका ह्या जपानी शल्यविशारदाने व त्याच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी आकड्यांनी दाखवून दिली. त्यांनी मानवी गुडघ्यांत निरनिराळ्या पद्धतींनी कंडरा अडकवल्या : हाडात ठोकायची इंग्रजी यू आकाराची पिन, दोऱ्याने बटणावर बांधणे, साडेसहा मिलिमीटरचा साधा स्क्रू, आणि मुद्दाम बनवलेला नऊ मिलिमीटर जाडीचा स्क्रू. मग प्रत्येक बांधणी सुटेपर्यंत ओढली. सर्वांत चांगली ठरली ती नऊ मिलिमीटरच्या स्क्रूची. तीही सुमारे ४७६ न्यूटनला सुटली. बाकीच्या तर निम्म्यावर किंवा त्याहून खाली. शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या काळात नव्या बंधाचा कच्चा दुवा दोरी नसून तिची बांधणी असते, हे त्या दिवसापासून पक्के झाले.

आता ४७६ न्यूटन म्हणजे पुष्कळ की थोडे? सपाट जमिनीवर चालताना ह्या बंधावर सुमारे १६९ न्यूटन ताण येतो, असे गणित मॉरिसन ह्या संशोधकाने १९७० साली मांडले होते. नॉयेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली रोजच्या धकाधकीच्या व्यवहारातील ताणाचा अंदाज ४५४ न्यूटन धरला. म्हणजे ती नऊ मिलिमीटरची बांधणी चालण्याला पुरी, धकाधकीला काठावर, आणि कबड्डीला अजिबात नाही! इथून पुढे नवनव्या बांधण्या शोधण्याची आणि त्या ओढून पाहण्याची एक लाटच आली.

बांधण्यांचे प्रकार मुख्यत्वे दोन. पहिला दाबून धरण्याचा. बोगद्यात दोरी ओवायची आणि तिच्या शेजारी स्क्रू पिळून तिला हाडाच्या भिंतीशी दाबायचे. जुन्या घरांत भिंतीला भोक पाडून लाकडी गुट्टी ठोकीत आणि मग त्यात स्क्रू फिरवीत, तोच न्याय. हे स्क्रू टायटॅनियमचे असतात, एका जातीच्या कणखर प्लॅस्टिकचे असतात, किंवा काही वर्षांत शरीरात विरघळून जाणाऱ्या पदार्थाचेही असतात. दुसरा प्रकार टांगण्याचा. विहिरीच्या तोंडावर आडवे लाकूड टाकून त्याला दोर बांधावा, तशी टायटॅनियमची एक चिमुकली पट्टी हाडाच्या बाहेरच्या कठीण कवचावर आडवी टेकवतात आणि तिच्या फासात दोरी लोंबती ठेवतात. दाबण्याच्या पद्धतीत भिस्त हाडाच्या आतल्या, स्पंजासारख्या भागावर. टांगण्याच्या पद्धतीत बाहेरच्या कवचावर.

ह्यांची परीक्षा घेणारे यंत्र दिसायला अगदी साधे असते. दोन उभे खांब, मध्ये वर-खाली सरकणारी आडवी तुळई, खाली एक पकड, वर एक पकड आणि ओढा मोजणारा काटा. अशा यंत्रांचे एक प्रसिद्ध घराणे अमेरिकेत १९४६ साली निघाले ते पॅराशूटच्या कापडाचे बळ मोजण्याच्या गरजेतून. इंजिनिअरिंग कॉलेजांत लोखंडी सळई ओढून तोडणारे यंत्र विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. हे त्याचेच नाजूक भावंड. पण कंडरा काही सळई नव्हे. ती ओली, बुळबुळीत. पकडीत धरली की माशासारखी सटकते, आणि जास्त आवळली की पकडीतच चिरडते. ह्यावर उपाय मोठा युक्तीचा निघाला. पकडीचे जबडेच अतिशय थंड करायचे, म्हणजे जबड्यातला कंडरेचा भाग गोठून दगडासारखा होतो आणि सुटत नाही. उरलेला भाग मात्र मिठाच्या पाण्याने सतत ओला ठेवायचा, कारण सुकलेली कंडरा निराळीच वागते आणि खोटे आकडे देते.

एकदाच ओढून तोडणे ही झाली अर्धी परीक्षा. गुडघा एकदाच ओढला जात नाही. पावलागणिक ओढला जातो. म्हणून दुसरी परीक्षा हलवण्याची. कोथरूडच्या अंगाला, वेताळ टेकडीवर, मोटारगाड्यांची तपासणी करणारी एक संस्था १९६६ साली स्थापन झाली. ही टेकडी आमच्याकडे त्या संस्थेच्याच नावाने ओळखली जाते. गाडीचा भाग एका धक्क्याने मोडत नाही, पण लहान लहान हजारो धक्क्यांनी थकतो, हे तिथल्या लोकांना वेगळे सांगायला नको. गुडघ्यातल्या खुंट्यालाही हाच नियम लागू आहे. फिनलंडमधील कौसा व सहकाऱ्यांनी २००३ साली बारा प्रकारच्या बांधण्या अशा हलवून पाहिल्या. ५० न्यूटन ते २०० न्यूटन असा झोका, दर दोन सेकंदांनी एक, असे १५०० झोके. आणि त्यातून जे टिकले ते शेवटी तुटेपर्यंत ओढायचे. वरच्या हाडात टांगत्या पट्टीची एक बांधणी सरासरी १०८६ न्यूटनपर्यंत टिकली, तर एक धातूचा स्क्रू ५४६ न्यूटनला सुटला. खालच्या हाडात आवरण व स्क्रू अशी जोडगोळी १३३२ न्यूटनपर्यंत गेली. १९८७ च्या मानाने केवढी ही मजल!

परंतु तुटण्यापेक्षाही हलवण्याच्या परीक्षेत एक वेगळीच गोष्ट पाहतात. झोक्यांनंतर दोरी बोगद्यात किती सरकली? खुंटा उपटला नाही, पण दावे वीतभर सैल झाले, तर गाय शेजाऱ्याच्या पिकात जायचीच. गुडघ्यात वीत कुठली, तिथे मिलिमीटरचा हिशेब असतो. दुसऱ्या पायाच्या मानाने तीन मिलिमीटरपेक्षा अधिक ढिलाई दिसली की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते; पाचच्या वर गेली की शस्त्रक्रिया फसली, असे सामान्यतः धरतात.

आता हे आकडे छातीवर लावून हिंडण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली : असे पुष्कळसे प्रयोग डुकराच्या गुडघ्यावर होतात. कारण उघड आहे. तरुण माणसाची हाडे प्रयोगाला मिळत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाची हाडे ठिसूळ, म्हणून तीही तरुण खेळाडूच्या जागी चालत नाहीत. डुकराचे हाड आकाराने जवळचे आणि स्वस्त. पण ते असते अधिक घट्ट. २००४ साली फिनलंडमधल्याच संशोधकांनी तरुण माणसांची हाडे आणि डुकराची हाडे ह्यांत तोच स्क्रू बसवून तुलना केली, तेव्हा डुकराच्या हाडात स्क्रूची पकड खऱ्यापेक्षा चांगली भासते आणि दोरीचे सरकणे खऱ्यापेक्षा कमी दिसते, असे आढळले. तेव्हा एका प्रयोगशाळेतला आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या आकड्याशी भिडवताना 'हाड कुणाचे?' हा प्रश्न आधी विचारावा. दुसरी गोष्ट : १५०० झोके ऐकायला पुष्कळ वाटतात. पण एका पायाची १५०० म्हणजे दोन्ही पायांची मिळून ३००० पावले. अंतर फार तर दोन किलोमीटर. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्याला येत. ती वाट चार मैलांच्या घरातली. म्हणजे प्रयोगशाळेची अख्खी परीक्षा त्यांच्या एका खेपेचा तिसरा हिस्सा!

मग पुढच्या लाखो पावलांचे काय? तिथे खुंट्याचे काम संपत जाते आणि शरीराचे सुरू होते. न्यूयॉर्कच्या रोडिओ व सहकाऱ्यांनी १९९३ साली कुत्र्यांवर प्रयोग केला. हाडाच्या बोगद्यात कंडरा बसवून दोन, चार, आठ, बारा आणि सव्वीस आठवड्यांनी ती ओढून पाहिली. आठव्या आठवड्यापर्यंत कंडरा बोगद्यातूनच उपटून येई. बाराव्या आठवड्यानंतर मात्र ती बोगद्यातून निघेना. तुटली तर दुसरीकडे तुटे. मधल्या काळात कंडरेचे तंतू हाडात मुळे धरावीत तसे रुजले होते. रोप लावल्यावर त्याला काठीचा आधार देतात, तो मुळे धरेपर्यंत. नंतर ती काठी असली काय, नसली काय. स्क्रूचे आणि पट्टीचे नेमके तेच. माणसाच्या बाबतीतही पहिले दोन-तीन महिने ही त्यांची खरी नोकरी.

मौज अशी की ह्याच महिन्यांत दोरी स्वतः अशक्त होते. शरीरातून काढून दुसरीकडे बसवलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या येतात, तंतूंची मांडणी बदलते. ती कंडरेची बंध व्हायला लागते. हे स्थित्यंतर महिनोन् महिने चालते. रुग्णाला ह्यातले काही जाणवत नाही. सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते, चालणे झोकात सुरू असते. आणि नेमके तेव्हाच मन मैदानाकडे धाव घेते.

शेजारच्या मुलीचे तसेच झाले. शस्त्रक्रिया नीट झाली. वडिलांनी डॉक्टरांना दोन्ही बनावटींविषयी सरळ विचारले; डॉक्टरांनी आपल्या हातून नेहमी बसवली जाणारी, तपासणीचे कागद पाहिलेली देशी बनावट सुचवली आणि घरच्यांनी ती घेतली. खरा वाद झाला तो पाचव्या महिन्यात. आंतरमहाविद्यालयीन सामने होते आणि ते तिचे शेवटचे वर्ष. "काका, तुम्हीच सांगा ना आईला. माझा पाय आता दुसऱ्या पायासारखाच आहे," ती म्हणाली. तिला मी नॉर्वे आणि अमेरिका येथील संशोधकांनी मिळून २०१६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचून दाखवला. मैदानावर परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवावे, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा संभव दर महिन्याला निम्म्याने उतरतो, असा त्याचा निष्कर्ष. ती बराच वेळ गप्प राहिली. त्या सामन्यांना ती गेली, पण गुणलेखक म्हणून टेबलापाशी बसली. तिचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. त्या रात्री ती जेवली नाही, असे तिच्या आईने सांगितले. शेवटचे वर्ष परत येत नसते, आणि कुठल्याही यंत्राच्या काट्यावर त्याची किंमत दिसत नाही. गुडघा मात्र तिचा शाबूत राहिला.

ज्या घरांवर असा प्रसंग येईल, त्यांच्या उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो. आपल्या देशात वैद्यकीय साधनांसाठीचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. हाडांत बसवायची साधने त्यांत वरच्या जोखमीच्या वर्गात मोडतात आणि त्यांच्या उत्पादनासाठी परवाना केंद्रीय अधिकाऱ्यांकडून घ्यावा लागतो. तेव्हा 'देशी की परदेशी' ह्यापेक्षा 'परवाना आहे का, तपासणी कोणत्या पद्धतीने झाली आणि डॉक्टरांचा हात कशावर बसलेला आहे' हे प्रश्न अधिक कामाचे. साधनाच्या वेष्टनावरील चिठ्ठी, जिच्यावर उत्पादकाचे नाव व खेप क्रमांक असतो, ती आपल्या कागदपत्रांत चिकटवून मागावी. पुढे काही निघाले तर शोध घ्यायला तोच दुवा. व्यायामाचे जे वेळापत्रक मिळेल, ते किराण्याच्या यादीसारखे तंतोतंत पाळावे. आणि मैदानावर परतण्याची तारीख पंचांगावरून किंवा सामन्यांच्या पत्रकावरून न ठरवता, मांडीचे बळ आणि उडीची चाचणी दोन्ही पायांवर तपासून डॉक्टरांना ठरवू द्यावी.

पुण्याला गुडघ्याचे वेड जुनेच आहे, असे कुणी विनोदाने म्हटले तर रागावण्याचे कारण नाही. लढाईत हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र इथे १९४४ पासून आहे. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांना परदेशी मापाचा सांधा गैरसोयीचा, म्हणून डॉ. कांतिलाल संचेती ह्यांनी 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा इथेच घडवला. फुलीबंधाच्या खुंट्यांची परीक्षा घेण्याला लागणारी दोन्ही विद्या, यंत्राची आणि वैद्यकाची, ह्या शहरात हाकेच्या अंतरावर नांदतात. कर्व्यांच्या हिंगण्याला आता मुली इंजिनिअर होतात. त्यांच्यापैकी एखादीने उद्या आपल्या मैत्रिणीच्या गुडघ्यातला स्क्रू यंत्रात धरून, आपल्याकडच्या हाडांच्या मापाने, आपल्याकडच्या मांडी घालण्याच्या आणि उकिडवे बसण्याच्या सवयींप्रमाणे पंधराशे नव्हे तर पंधरा लाख वेळा हलवून पाहावा. खुंटा हलवणाऱ्याला लोक संशयी म्हणतात. म्हणू द्यावे. ज्याच्या भरवशावर दुसऱ्या कुणाचे तरी धावणे अवलंबून आहे, त्याने संशयीच असले पाहिजे.